तपासणाऱ्याच्या चौकटीतली सही

यंत्राच्या कुठल्याही ड्रॉइंगच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात तीन छोट्या चौकटी असतात. पहिलीत काढणाऱ्याची सही, दुसरीत तपासणाऱ्याची, तिसरीत मंजुरी देणाऱ्याची. डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या ज्या कंपनीत मी वर्षभर अप्रेंटिस होते, तिथे मधली चौकट वासूबाबांची होती. वासुदेव गावस. सही म्हणजे नुसता ‘वा’ आणि त्याखाली एक आडवी रेघ. बाकीच्यांच्या सह्या चौकटीबाहेर जायच्या. त्यांची रेघ आतच थांबायची.

आता मी फोंड्याच्या बाजूच्या एका कॉलेजात डिग्री करते आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. परवा वर्गातल्या एका मुलाला मी माझं ड्रॉइंग बघायला दिलं, तर त्याने मोबाइलवरून मान न उचलता ‘बरोबर आहे गं’ म्हटलं. त्या दिवशी मला वासूबाब फार आठवले. माणसाबद्दल कसं लिहितात ते मला नीट माहीत नाही. जमेल तसं लिहिते.

औषधाच्या गोळ्या डब्यांत भरणारी यंत्रं असतात, त्यांचे सुटे भाग आमची कंपनी करायची. ड्रॉइंग ऑफिसात दोनच मेजं. एक वासूबाबांचं, खिडकीजवळ, एक अप्रेंटिसचं. मंजुरीची सही करणारे मॅनेजर कामतसर काचेच्या केबिनमध्ये. वासूबाबांचं निवृत्तीचं वय उलटून दोन वर्षं झाली होती. दर मार्चमध्ये कंपनी त्यांना एक वर्ष वाढवून दिल्याचं पत्र द्यायची. मी डिप्लोमा संपवून तिथे गेले त्या पहिल्याच आठवड्यात ऑफिसातल्या सुलक्षाताईंनी जेवताना सगळं सांगून टाकलं.

“एकच जागा आसा गो. मार्चाक तांकां पत्र दितले, नाजाल्यार तुका घेतले. दोगांक न्हय.”

मी हे घरी, पार्से गावात, बाबांना सांगितलं. बाबा दुसऱ्यांच्या काजूच्या बागांत काम करतात. दुसऱ्या दिवशी त्यांना शेजारच्या काकांना ‘पोरीला टेबलाचं काम लागणार’ असं सांगताना मी ऐकलं. त्यामुळे ती खुर्ची वासूबाबांना हवी होती, आणि मलाही हवी होती. आम्ही दोघं हे जाणून समोरासमोर बसत होतो.

वासूबाब सकाळीच थकलेले असायचे. आमोण्याहून येणाऱ्या बसमधून उतरून, गुडघ्यावर हात ठेवत जिना चढून, साडेआठला खुर्चीत बसायचे. चष्मा काढून दोन बोटांनी डोळे दाबायचे आणि म्हणायचे, “पुरे जालें.” दिवस सुरू व्हायच्या आधी पुरे झालं म्हणणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. मग डब्यातला उंडा, म्हणजे गोल पाव, काढायचे. रस्त्यावर पोदेराकडून, पाववाल्याकडून, घेतलेला, अजून थोडा कोमट. तो भाजीत बुडवून उभ्याउभ्याच खायचे, कारण मेजावर कागद असायचे आणि कागदावर तेलाचा डाग पडलेला त्यांना चालत नसे. नंतर हात धुऊन, पुसून, तळवे उजेडात धरून बघायचे.

कॉम्प्युटर त्यांना यायचा, पण दोन बोटांनी. ड्रॉइंग पडद्यावर बघून सही करणं त्यांना मान्य नव्हतं. प्रिंट काढायला लावायचे आणि लाल पेन्सिल घेऊन प्रत्येक मापावर एक बारीक टिंब देत जायचे. टिंब दिलं म्हणजे ते माप वाचलं, पडताळलं. एका कागदावर साठ-सत्तर टिंबं व्हायची. मध्ये कुणी हाक मारली तर बोट त्या मापावर तसंच ठेवून मान वर करायचे. बोट काही उचलायचे नाहीत.

मला पहिला महिनाभर त्यांनी कॉम्प्युटरला हात लावू दिला नाही. पहिल्या दिवशी जुन्या कपाटाची एक लोखंडी कडी माझ्यासमोर ठेवली.

“हें मोज. कागदार काड.”

मी व्हर्निअर घेतला, जीव लावून मोजलं, पेन्सिलने काढलं आणि लांबी लिहिली, ४८.३७. त्यांनी कागद उलटा धरला, सुलटा धरला.

“डिप्लोमाबाय, हो सदतीस कोणाक जाय?”

सदतीस कुणाला हवेत, म्हणजे काय ते मला कळलं नाही. मी म्हटलं, “सर, तेवढंच भरलं.”

“भरलें तें खरें. कोणाक जाय तें विचारलें हांवें. कपाटाक जाय? दाराक जाय?” मग कागद परत देत म्हणाले, “वच, तानाजीक दाखय. तो सांगतलो.”

खाली मशिनवर तानाजीमामा होते, गडहिंग्लजकडचे, वीस वर्षं गोव्यात असूनही गावची बोली तशीच. त्यांनी कागद बघितला आणि हसू आवरत म्हणाले, “मॅडम, ह्ये करतो की मी. अख्खा दिस घालवून करतो. फकस्त कडी सोन्याची हाय का त्येवढं सांगा.” आजूबाजूची दोन माणसं हसली. मी लाल होऊन वर आले. वासूबाबांनी विचारलंसुद्धा नाही काय झालं ते. त्यांनी माझ्या ४८.३७ वर काट मारून ४८ लिहिलं आणि एवढंच म्हणाले, “तू एक आंकडो वाडयता, तेन्ना सकयल मशिनार कोणाचो तरी एक तास वाडटा.”

महिन्याभराने कॉम्प्युटर मिळाला. तोपर्यंत मी ती कडी, खिडकीची बिजागरी, पंख्याचा क्लॅम्प, सुलक्षाताईंचं पंचिंग मशिन, असं सगळं कागदावर काढलेलं होतं.

पण मला त्यांची जी गोष्ट सगळ्यात विचित्र वाटली ती वेगळीच होती. लाल टिंबं देऊन झाली तरी ते सही करायचे नाहीत. प्रिंट गुंडाळून, एकेक पायरी उतरत खाली जायचे. तानाजीमामांचं मशिन थांबलेलं असेल तर समोरच्या लाकडी खोक्यावर बसायचे आणि म्हणायचे, “वाच रे.”

आणि तानाजीमामा ते ड्रॉइंग मोठ्याने वाचायचे. पोथी वाचावी तसं. “वीस जाडीची पट्टी. लांबी एकशेदहा. डाव्या कडंपास्नं पंधरावर पयलं भोक, आठचं, आरपार. तितनं पुढं तिसावर दुसरं भोक...” वासूबाब डोळे मिटून ऐकायचे. मामा कुठे अडखळले, ‘हितं काय म्हनायचंय?’ असं म्हणाले, की ते डोळे उघडायचे आणि तिथे लाल गोल करायचे. मामांचं वाचणं चुकलं असं ते कधीच म्हणत नसत. अडखळला म्हणजे आपण नीट लिहिलेलं नाही, एवढं सरळ. मामा न अडखळता शेवटपर्यंत गेले की त्याच खोक्यावर कागद ठेवून सही.

एकदा मामा वाचताना शेवटी म्हणाले, “इति श्री ब्रॅकेटपुराणं समाप्तम्. परसाद काय हाय, वासूबाब?”

“प्रसाद म्हणजे ओव्हरटायम,” वासूबाब डोळे न उघडता म्हणाले. “घेतलो?”

“नगं बाबा. उपास हाय माजा.”

कामतसरांना हे खाली जाऊन बसणं पटत नसे. ते वाईट माणूस नव्हते, वय पस्तिशीचं, घाई खूप. “वासूबाब, सॉफ्टवेअर तपासतं ना आता,” असं एकदा म्हणाले. वासूबाब म्हणाले, “तपासता सर. ताका सही मात येना.” सर हसले, पण मला वाटतं ते वाक्य त्यांच्या लक्षात राहिलं.

त्यांनी मला खूप प्रेमाने शिकवलं असं मी लिहू शकत नाही. कौतुक त्यांनी कधी केलं नाही. प्रश्न विचारला तर बहुतेक वेळा उलट प्रश्न यायचा, नाहीतर ‘तानाजीक विचार’. डिसेंबरात कामतसरांनी माझ्यासमोरच विचारलं, मुलगी कशी आहे, एकटीने काम करेल का? वासूबाब चष्मा पुसत म्हणाले, “आनीक वर्सभर तरी एकटी सोडूं नाकात.” मी बाथरूममध्ये जाऊन रडले. सुलक्षाताई म्हणाल्या, “तांची कदेल वचपाची आसा न्हय गो, म्हणून.” कदेल म्हणजे खुर्ची. मला तेव्हा ते पटलं आणि त्यांचा राग आला. आता वाटतं, खुर्चीचं कारण असेलही, पण ते जे बोलले ते खोटं नव्हतं.

ताईंनी त्यांनाही एकदा चिडवलं होतं. ते खाली गेलेले असताना मी त्यांच्या खुर्चीत बसून प्रिंटरचा कागद बदलत होते. ते वर आले. ताई म्हणाल्या, “वासूबाब, तुमच्या कदेलीर बाय बसली पळयात.”

मी धडपडून उठले. ते शांतपणे बसले, गुडघे दाबले. “बसूं दी. कदेल हालता ती. बसल्यार कळटलें तिका.”

फेब्रुवारीत एक बाहेरच्या देशातलं ड्रॉइंग आलं. एल आकाराचा ब्रॅकेट, त्यात चार भोकं. ते आमच्या कंपनीच्या कागदावर नव्याने काढायचं होतं. मी काढलं.

इथे थोडं समजावून सांगावं लागेल. एखादी वस्तू समोरून कशी दिसते ते काढल्यावर बाजूने कशी दिसते तेही काढतात. आपल्याकडे डाव्या बाजूने पाहिलेलं चित्र समोरच्या चित्राच्या उजवीकडे काढायची पद्धत आहे. काही देशांत डावीकडून पाहिलेलं डावीकडेच काढतात. दोन्ही बरोबर. कुठली पद्धत आहे ते सांगणारं एक छोटं चिन्ह कोपऱ्यात असतं. ते न बघता चित्रं जशीच्या तशी उतरवली, तर सगळी मापं बरोबर येतात आणि वस्तू मात्र आरशातल्यासारखी उलटी होते. उजव्या हाताचा हातमोजा डाव्या हाताचा व्हावा तशी. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला हे शिकवतात. मला त्यावर पूर्ण मार्क होते.

मी चित्रं जशीच्या तशी उतरवली.

त्या दिवशी तानाजीमामा गावच्या म्हाईला, म्हणजे जत्रेला, गेले होते. माल न्यायला पाचव्या दिवशी गाडी यायची होती आणि ड्रॉइंग दुपारच्या आत मशिनवर जायला हवं होतं. कामतसर दोनदा येऊन गेले. वासूबाबांनी मापांवर टिंबं दिली. मापं सगळी बरोबरच होती. खाली जायला ते उठले, मग बहुधा मामा नाहीत हे आठवून परत बसले. मामांच्या जागी एक नवा मुलगा होता, त्याला वाचायला लावण्यात अर्थ नव्हता. पेन हातात घेऊन त्यांनी मला विचारलं, “मूळ कागदावयलें चिन्न पळयलें मगे?”

मी बघितलं नव्हतं. म्हणजे डोळ्यांनी दिसलं असेल, पण बघितलं नव्हतं. ‘थांबा, बघते’ एवढंच म्हणायचं होतं. मला वाटलं, आता थांबा म्हटलं तर हे पुन्हा सरांना सांगतील, एकटी सोडू नका.

“हो,” मी म्हटलं.

त्यांनी सही केली.

चाळीस ब्रॅकेट झाले, घासून, चकचकीत करून खोक्यात भरले. चौथ्या दिवशी मामा गावाहून आले, खोक्यातला एक उचलून हातात फिरवला, भिंतीवर लावलेल्या मूळ कागदाच्या प्रतीकडे बघितलं. “आवं, ह्यो डावा हाय की,” ते म्हणाले. मग दुसरा उचलला. तिसरा. नंतर ते वर आले नाहीत. वासूबाबांना खाली बोलावून घेतलं.

संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळलं. मी कामतसरांच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, सर, चूक माझी आहे, त्यांनी विचारलं होतं, मी खोटं सांगितलं.

“मला माहीत आहे तू काढलंस ते,” सर म्हणाले. “तू अप्रेंटिस आहेस. अप्रेंटिस चुकणारच. म्हणून तर मधली चौकट असते.”

मी बाहेर आले तर वासूबाब खिडकीशी उभे होते. त्यांना ऐकू गेलं असावं. मी त्यांना काही सांगायला लागले, बहुतेक माफीच मागत होते, तर त्यांनी हात वर केला. ते रागावले होते. त्यांना रागावलेलं मी तेव्हाच पाहिलं.

“तू खोटें सांगलें तें तुजें. हांवें वाचूंक ना तें म्हजें. तें म्हजें तूं घेवंक येवं नाका.”

“पण सर, तुमचं पत्र...”

“पत्राचें नांव काडूं नाका.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “चाळीस वर्सां जिन्यावयल्यान सकयल गेलों. त्या दिसा गुडघे दुखताले. कंटाळो आयिल्लो. तितलेंच.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला जवळ बसवून तो मूळ कागद पुढे ठेवला आणि पद्धत पहिल्यापासून समजावली. साबणाच्या वडीचा ब्रॅकेट कापून, तो कागदावर आधी एका बाजूला लोळवून, मग दुसऱ्या बाजूला. तासभर. उलट प्रश्न एकही विचारला नाही. खाली मामांनी नवे ब्रॅकेट सुरू केले होते.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात कामतसरांनी मला बोलावलं. अप्रेंटिसशिप जुलैत संपेल, त्यानंतर ज्युनियर डिझायनर म्हणून घेऊ, तोवर अप्रेंटिस म्हणूनच बस म्हणाले. वासूबाबांना यंदा पत्र नाही, आणि तसं त्यांना सांगितलं आहे. ‘चाळीस ब्रॅकेटमुळे नाही,’ असं सर म्हणाले. मी विचारलंच नव्हतं.

त्याच आठवड्यात एकदा जेवणाच्या सुट्टीत ते फोनवर घरी बोलत होते. मी आत आले ते त्यांना दिसलं नाही. “पत्र मेळटलें गो. गेल्या वर्सा लेगीत उशिराच आयिल्लें न्हय? दितां म्हळां सरान.” फोन ठेवून त्यांनी डोळे दाबले. मी आवाज न करता परत बाहेर गेले.

मी त्या नोकरीला सोमवारी नाही म्हटलं. ते काही त्यांच्यासाठी नव्हतं. माझ्या नाही म्हणण्याने त्यांना काही परत मिळालं नाही. तिथे आता मडगावचा एक मुलगा आहे. मला त्या मधल्या चौकटीची भीती वाटली, एवढंच खरं कारण. अजून शिकल्याशिवाय तिथे सही करायची नाही असं वाटलं. बाबा आठवडाभर माझ्याशी धड बोलले नाहीत. “हातात आलेलं टेबलाचं काम गो,” एवढंच एकदा म्हणाले.

पण ते सोमवारचं. मला सांगायचं आहे ते आधीच्या शुक्रवारचं, त्यांच्या शेवटच्या दिवसाचं.

अडीच वाजता कॅन्टीनमध्ये निरोप झाला. समोसे, शाल, नारळ, आणि सगळ्यांनी मिळून घेतलेली एक विजेची शेगडी, मोठ्या खोक्यात. कामतसर चांगलं बोलले. तानाजीमामांना बोलायला सांगितलं तर ते उभे राहिले, “वासूबाब...” म्हणाले आणि बसले. वासूबाब म्हणाले, “सगळ्यांचे उपकार. कामाला लागा.” सरांनी त्यांना आजच्या दिवस लवकर घरी जायला सांगितलं.

मला सरांनी दुपारपासूनच खिडकीजवळच्या मेजावर बसायला सांगितलं होतं, तिथल्या कॉम्प्युटरवर एक काम अर्धं होतं. मी बसले. खुर्ची खरंच डावीकडे कलायची. तिथून फाटक आणि समोरचा बसस्टॉप सरळ दिसतो.

तीनला ते फाटकाशी दिसले. वॉचमनच्या खोलीत शेगडीचं खोकं ठेवलं, त्यावर शाल घडी करून ठेवली, नारळ ठेवला. काहीतरी सांगितलं, वॉचमनने मान हलवली. मग नुसती डब्याची पिशवी घेऊन रस्ता ओलांडून चहाच्या गाड्याच्या बाकावर बसले.

सव्वातीनला आमोण्याची बस आली. ते उठले नाहीत. कंडक्टरने ओळखीने हात केला, त्यांनीही केला. बस गेली. चारच्या सुमारास दुसरी आली. गाड्यावाल्या बाईने बसकडे बोट दाखवलेलं मला दिसलं. त्यांनी मान हलवून चहा मागितला. तेव्हा मला समजलं, घरी त्यांनी अजून सांगितलेलंच नव्हतं. रोजच्या वेळेआधी घरी गेले असते तर लवकर का आलात म्हणून विचारलं गेलं असतं.

मी काम करायचा प्रयत्न केला. पाच वाजून गेल्यावर आणखी एक बस गेली. ऊन बाकावरून सरकलं तसे ते थोडे सरकले. वर ऑफिसकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. पेपर नाही, मोबाइल नाही, हात पिशवीवर. अडीच तास.

साडेपाचला भोंगा झाला. माणसं फाटकातून बाहेर पडायला लागली, सायकली, स्कूटर, डबे. मीही खाली उतरले. ते तेव्हा बाकावरून उठून, पँट झटकून त्या गर्दीत आले आणि स्टॉपवर आमच्यात उभे राहिले. जणू आत्ताच सुटले होते. माझ्याकडे बघून म्हणाले, “आज बरीच गर्दी आसतली बसीक.”

“हो सर.”

“तुजी म्हापशेची आयली पळय. वच. जागो मेळूं येता.”

मी म्हटलं, पुढची घेईन. पावणेसहाला त्यांची बस आली, दारापर्यंत भरलेली. खालच्या पायरीवर त्यांनी आधी पिशवी ठेवली, मग दांड्याला धरून एक गुडघा, मग दुसरा. आतून कुणीतरी ‘सरा, सरा फुडें’ म्हणालं. ते सरकले. कंडक्टरने दार ओढलं, आणि बस त्यांना घेऊन रोजच्या वेळेला आमोण्याकडे गेली.